जीवदयेला ज्ञानाची जोड : घरातील कासवाच्या निमित्ताने

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानाची संहिता)



सुवर्णमहोत्सव हा जसा गौरवाचा प्रसंग असतो, तसाच तो आत्मपरीक्षणाचाही असतो. जैन समाजाच्या कोणत्याही न्यासाची उद्दिष्टे वाचावयास घेतली, तर धर्मप्रभावना, शिक्षण आणि वैद्यकीय साहाय्य यांच्या पंक्तीत ‘जीवदया’ हा शब्द आढळतोच. ही परंपरा जुनी आणि अभिमानास्पद आहे. मुंबईत १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने पांजरपोळ उभी राहिली. दिल्लीत लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे धर्मार्थ रुग्णालय चालते. गावोगावच्या गोशाळा, पाखरांसाठी घातले जाणारे दाणे आणि उन्हाळ्यातील पाणपोया ही त्याच भावनेची रूपे होत. तथापि ज्या जीवांची सेवा या ठिकाणी घडते, त्यांचे दुःख डोळ्यांना दिसते आणि कानांना ऐकू येते. गाय हंबरते, कुत्रे विव्हळते, पंख दुखावलेले पाखरू फडफडते. ज्या जीवाला विव्हळताही येत नाही, त्याच्या बाबतीत मात्र जीवदयेची खरी कसोटी लागते. अशाच एका जीवाच्या एका विशिष्ट दुःखाचा विचार आज करावयाचा आहे. घरात ठेवलेल्या मादी कासवाची अंडी पोटातच अडकून राहतात, तेव्हा काय घडते, काय करावे, आणि श्रावकाच्या धर्माशी त्याचा संबंध कोणता, असा हा विषय आहे.

विषय लहान वाटण्याचा संभव आहे. परंतु कासव हा जीव या भूमीला आणि या समाजाला परका नाही. छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे पन्नास किलोमीटरवर गोदातीरी पैठण येथे भगवान मुनिसुव्रतनाथांचे अतिशय क्षेत्र आहे. तेथील मूर्ती वालुकामय असल्याचे परंपरा सांगते. मुनिसुव्रतनाथ हे विसावे तीर्थंकर आणि त्यांचे लांछन कासव. दर्शनाला जाणारा प्रत्येक भाविक नकळत त्या कूर्मापुढेही नतमस्तक होत असतो. ‘ज्ञाताधर्मकथांग’ या आगमातील चौथे अध्ययन दोन कासवांचेच आहे. कोल्ह्यांची चाहूल लागताच दोघांनीही अवयव आवरून घेतले. एकाने उतावीळपणे पाय बाहेर काढले आणि प्राण गमावले. दुसरे संयमाने स्थिर राहिले आणि वाचले. इंद्रियसंयमाचा हा दृष्टांत साधुसाध्वींच्या प्रवचनांतून घरोघरी पोहोचलेला आहे. पैठण ही संत एकनाथांचीही भूमी. मराठी संतांनी मातेच्या वात्सल्यासाठी कासवीचा दाखला दिला. ती पिलांना केवळ दृष्टीने पोसते, अशी लोकधारणा त्यामागे आहे. महाराष्ट्रातील देवालयांच्या सभामंडपात दगडी कासव असते. इतक्या श्रद्धेने पूजिलेल्या या जीवाच्या देहधर्माविषयी मात्र फारच थोडी माहिती घरोघरी असते.

आज शहरांतील घरांत कासव दिसते ते मुख्यत्वे तीन प्रकारांत. पहिले, पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेले जमिनीवरचे कासव, ज्याला सर्वत्र ‘स्टार कासव’ म्हणतात. दुसरे, नदी, तळे किंवा विहीर येथून आणलेले मऊ कवचाचे पाणकासव. तिसरे, काचेच्या पेटीत ठेवले जाणारे लाल कानाचे परदेशी कासव. दुकानांत ते कधी जपानी तर कधी सिंगापुरी म्हणून विकले गेले, परंतु त्याचे मूळ अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यात आहे. कोणी वास्तुशास्त्राच्या नावाने, कोणी लक्ष्मी येते म्हणून, तर कोणी मुलांच्या हट्टापायी कासव घरी आणतो. घरातली माणसे त्याच्यावर माया करतात, त्याला नाव ठेवतात, मुले शाळेतून आल्यावर त्याला शोधतात. या मायेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न आहे तो त्या मायेला ज्ञानाची जोड आहे की नाही, हा.

कासवाची शरीररचना प्रथम ध्यानात घ्यावी. त्याचे कवच म्हणजे अंगावर चढवलेले चिलखत नव्हे. पाठीचा कणा आणि बरगड्या मिळूनच ते बनलेले असते, आणि खांद्याची व कमरेची हाडे त्या पेटीच्या आत असतात. वीस कोटी वर्षांहून अधिक काळ ही रचना पृथ्वीवर टिकून आहे. इतर प्राण्यांत गर्भ वाढला की पोट वाढते. कासवीचे कवच तसूभरही फुगत नाही. आत अंडी तयार होऊ लागली की तीच जागा जठराला, आतड्यांना आणि फुप्फुसांना कमी पडते. म्हणूनच अंडी घालण्यापूर्वी काही दिवस मादीचा आहार कमी होतो. हे स्वाभाविक आहे आणि तेवढ्याने घाबरण्याचे कारण नाही. प्रत्येक अंड्याचे टरफल कॅल्शियमचे असते आणि ते कॅल्शियम मादीच्या शरीरातूनच खर्ची पडते. आहारातून जमा झाली नाही, तर हा खर्च हाडांच्या खात्यातून होतो. तेच कॅल्शियम गर्भाशयाच्या स्नायूंना आकुंचनासाठीही लागते. त्यामुळे खाते रिकामे झाले, तर अंडी तयार असूनही ती बाहेर ढकलण्याचे बळ उरत नाही.

येथे एक मोठा गैरसमज दूर केला पाहिजे. ‘घरात एकच कासव आहे, नर नाही, मग अंडी कोठून येणार?’ असे अनेकांना वाटते. कोंबडी जशी कोंबड्याविना अंडी घालते, तशीच मादी कासवही नराविना अंडी धारण करते. ती निर्जीव असतात, एवढेच. शिवाय पूर्वी कधी नराशी संग झालेला असेल, तर ते बीज मादी आपल्या शरीरात कित्येक महिने, प्रसंगी काही वर्षेही राखू शकते. अनेक घरांत तर कासव नर की मादी, हेच ठाऊक नसते. इंग्लंडमधील एक उदाहरण बोलके आहे. १८५४ साली क्रिमियाच्या युद्धात ‘क्वीन’ नावाच्या युद्धनौकेवर एक कासव होते. नाव ‘टिमथी’, म्हणजे पुरुषाचे. पुढे ते पॉवडरहॅम येथील वाड्याच्या बागेत राहिले. १९२६ साली त्याची जोडी जमवण्याचा विचार झाला, तेव्हा कोठे ते मादी असल्याचे कळले. सुमारे १६० वर्षांचे आयुष्य भोगून २००४ साली ती कासवी मरण पावली. निसर्गलेखक गिल्बर्ट व्हाइट यांच्याही बागेत अठराव्या शतकात ‘टिमथी’ नावाचेच कासव होते. त्याच्या दिनचर्येची बारकाईने नोंद ठेवणाऱ्या व्हाइट यांच्या हयातीत तेही नरच समजले गेले. त्याचे कवच लंडनच्या निसर्ग-इतिहास संग्रहालयात असून ते मादीचे आहे, हे मागाहून उमगले. अशा निष्णात निरीक्षकाची जी गत झाली, ती सामान्य घराची होणे सहज शक्य आहे. साधारणपणे नराच्या पोटाकडील कवच आत दबलेले व शेपूट लांब असते. मादीचे कवच सपाट व शेपूट आखूड असते. स्टार कासवात मादी नराहून बरीच मोठी होते.

वय झाले म्हणून ही चिंता मिटते, असेही नाही. अमेरिकेतील फिलाडेल्फियाच्या प्राणिसंग्रहालयात १९३२ सालापासून असलेल्या ‘मॉमी’ नावाच्या गॅलापागोस कासवीने नोव्हेंबर २०२४ मध्ये अंडी घातली आणि २०२५ च्या प्रारंभी त्यांतून चार पिले बाहेर आली. त्या वेळी तिचे वय सुमारे सत्त्याण्णव वर्षे होते. तात्पर्य, मादी कासव घरात असणे म्हणजे तिच्या प्रसूतीची जबाबदारी दीर्घकाळ, बहुधा दोन पिढ्यांपर्यंत, घरावर असणे होय.

आता मुख्य प्रश्न. अंडी अडकतात का? कधी अंडे अवाजवी मोठे किंवा वेडेवाकडे असते, कधी मूत्राशयात खडा असतो, कधी कुपोषणाने कमरेचे हाड वाकलेले असते, कधी जंतुसंसर्ग झालेला असतो. ही कारणे वैद्यकीय आहेत. परंतु घरात ठेवलेल्या कासवांत फार मोठे कारण याहून साधे असते. मादीला अंडी घालण्यास जागाच सापडत नाही. निसर्गात ती भुसभुशीत, किंचित ओलसर, उबदार माती शोधते. स्टार कासवाची मादी जमीन कठीण असेल, तर स्वतःच्या मूत्राने ती भिजवते, मागच्या पायांनी हळूहळू खड्डा उकरते, एकेक अंडे आत सोडते आणि माती ओढून जागा पूर्ववत करते. घरात काय असते? शहाबादी फरशी, नाही तर गुळगुळीत टाइल्स. आणि पाण्यातील कासवाच्या नशिबी चोहोबाजूंनी काच. मादी रात्रंदिवस कोपऱ्यात फरशी उकरत राहते. घरच्यांना वाटते, ती खेळते आहे. माती न मिळाल्यामुळे ती अंडी रोखून धरते. रोखलेल्या काळात टरफल जाड व खरखरीत होत जाते, स्नायू थकतात आणि जे सहज घडावयाचे ते अवघड होऊन बसते. त्यातच अपुरे पाणी, सूर्यप्रकाशाचा अभाव आणि थंडी यांची भर पडते. कासवाचे शरीर बाहेरच्या उष्णतेवर चालते. मराठवाड्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो, तेव्हा थंडगार फरशीवर बसलेल्या कासवीचे स्नायू प्रसूतीचे कष्ट पेलू शकत नाहीत.

लक्षणे ओळखणे ही पहिली सेवा होय. अस्वस्थ फेऱ्या, मागच्या पायांनी वारंवार उकरणे आणि अंडी मात्र न येणे, हा पहिला इशारा. त्यानंतर आहार पूर्ण बंद होणे, एका जागी निपचित बसणे, मान पुढे ताणून कुंथणे, मागचे पाय ओढत चालणे ही पुढची पायरी. शेपटीखालच्या मार्गातून रक्त किंवा दुर्गंधीयुक्त स्राव येणे, अथवा आतील भाग बाहेर डोकावणे, ही तातडीची अवस्था. तिथे एक दिवसही दवडू नये. भाविक घरात एक वेगळाच धोका संभवतो. कासवाने अन्न सोडून निश्चल बसावे, आणि घरच्यांनी ते त्याचे तप मानून हात जोडावेत! उपवास हा संकल्पाने होतो. पोटातील अंड्यांच्या दाबाने झालेली उपासमार ही वेदना आहे, तपश्चर्या नव्हे.

प्रथमोपचार साधा आहे. एक मोठे घमेले किंवा लाकडी खोके घ्यावे. त्यात माती व वाळू यांचे मिश्रण कवचाच्या लांबीइतके तरी खोल भरावे. मिश्रण इतकेच ओले असावे, की मुठीत दाबले असता गोळा होईल, पण पाणी ठिबकणार नाही. खड्डा खणला, तर त्याच्या कडा ढासळता कामा नयेत. ही जागा कोपऱ्यात, शांत व अर्धवट आडोशाची असावी; माती उबदार, साधारण २८ ते ३० अंशांच्या आसपास राहील असे पाहावे. पाण्यातील कासवाला पाण्याबाहेर येऊन या मातीपर्यंत चढता येईल असा उतार द्यावा. दररोज पंधरा-वीस मिनिटे कोमट, उथळ पाण्यात कासवीला बसवावे. पाणी हनुवटीच्या खालीच असावे. यामुळे शरीरातील पाण्याची उणीव भरून निघते. सकाळचे कोवळे ऊन द्यावे, मात्र शेजारी सावली हवीच, कारण बंद पेटीतील उन्हाने कासव तापून मरते. मुलांनी भोवती गर्दी करू नये व वारंवार उचलून पाहू नये. कासवीला पाहणारे डोळे जाणवले, तर ती खणणे सोडून देते. हाताळल्यानंतर प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत, कारण कासवाच्या अंगावरील जंतूंमुळे लहान मुलांना आतड्यांचे विकार होऊ शकतात.

एवढे करूनही दोन-चार दिवसांत उतार पडला नाही, अथवा कासवी मलूल दिसली, तर पशुवैद्यकांकडे जाणे अनिवार्य आहे. क्ष-किरण चित्रात कठीण टरफलाची अंडी स्पष्ट दिसतात. किती आहेत, केवढी आहेत, एखादे फुटले आहे काय, मार्ग मोकळा आहे काय, याचा निर्णय त्यावरून होतो. मार्ग मोकळा असेल, तर प्रथम शरीरातील पाणी व कॅल्शियम भरून काढतात आणि मग गर्भाशयाच्या आकुंचनासाठी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात. कासवांत त्याचा चांगला उपयोग होतो. मार्ग अडलेला असेल, तर शस्त्रक्रिया करावी लागते. गोठ्यांमध्ये पान्ह्यासाठी ज्याचा गैरवापर होतो, तेच हे औषध. म्हणून कोठून तरी मिळवून घरीच टोचण्याचा मोह होऊ शकतो. असे कदापि करू नये. अंडे अडलेले असताना हे औषध दिले, तर गर्भाशय फाटू शकते. पोट दाबणे, बोटाने किंवा चिमट्याने अंडे ओढणे, तेल सोडणे हेही प्राणघातक ठरते. अंडे आत फुटले, तर त्यातील बलक पोटात पसरून तीव्र दाह होतो. मराठवाड्यात परभणी व उदगीर येथे पशुवैद्यक महाविद्यालये आहेत, जिल्ह्याच्या ठिकाणी पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय असते. ज्यांना सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव आहे अशा वैद्यकांची चौकशी संकट येण्याआधीच करून ठेवावी.

इथवरची माहिती कोणत्याही घराला उपयोगी आहे. जैन घराला मात्र आणखी एक पायरी चढावी लागते. ‘दशवैकालिक सूत्रा’च्या चौथ्या अध्ययनात ज्ञान प्रथम आणि दया त्यानंतर, असा क्रम सांगितला आहे. ज्याला जीव म्हणजे काय आणि अजीव म्हणजे काय हेच कळत नाही, तो संयम कसा पाळणार, असा तेथील विचार आहे. ‘तत्त्वार्थसूत्रा’च्या दुसऱ्या अध्यायात जन्माचे प्रकार सांगताना अंडज जीवांचा स्वतंत्र उल्लेख येतो, आणि सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार येतात : बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि अन्नपाननिरोध. यांतील पहिलाच अतिचार ‘बंध’ आहे, म्हणजे जीवाला त्याच्या इच्छित स्थळी जाण्यापासून अडवणे. अंड्यांनी भरलेली मादी फरशी उकरते, तेव्हा तिचे इच्छित स्थळ केवळ वीतभर माती असते. ती माती तिला न देणारे घर तिला मारीत नाही, तोडीत नाही, उपाशी ठेवीत नाही. रोज लाडाने खाऊ घालते. तरीही बंध हा अतिचार तेथे घडतोच. क्रूर हेतू नसताना, केवळ अज्ञानातून घडणारी ही हिंसा आहे, आणि अशा हिंसेकडेच श्रावकाने बारकाईने पाहावयाचे असते. आगमांनी ज्याला यतना म्हटले, ती सावधानता हीच.

अन्नाच्या बाबतीत तर हा प्रश्न अधिकच गंभीर होतो. स्टार कासव शाकाहारी आहे. गवत, जास्वंदीची पाने व फुले, शेवग्याचा पाला, निवडुंगाची काटे काढलेली पाने हा त्याचा योग्य आहार. पोळी, भात, दूध, बिस्किटे यांनी त्याचे पोट बिघडते, आणि रोज पालक दिला, तर त्यातील घटक कॅल्शियम अंगी लागू देत नाहीत. कॅल्शियमसाठी बाजारात मिळणारे समुद्रफेस हे एका सागरी जीवाचे शरीराग असल्याने ज्यांना ते नको, त्यांना खनिज कॅल्शियम कार्बोनेटची पूड वैद्यकांच्या सल्ल्याने देता येते. परंतु मऊ कवचाचे पाणकासव मिश्राहारी आहे. निसर्गात ते मासे, गोगलगायी, बेडूकही खाते. जैन घर त्याला हे देणार नाही आणि देऊही नये. मग केवळ पोळीच्या तुकड्यांवर ते जगवले जाते, हाडे ठिसूळ होतात आणि अंडी धरण्याची वेळ येते तेव्हा शरीरात काहीच शिल्लक नसते. हा ‘अन्नपाननिरोध’ नव्हे तर दुसरे काय? यातून मार्ग एकच. ज्या जीवाचा स्वाभाविक आहार आणि स्वाभाविक भूमी घर देऊ शकत नाही, तो जीव घरात आणू नये.

देशाचा कायदाही याच ठिकाणी येऊन पोहोचला आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मधील दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली आणि स्टार कासवाला पहिल्या अनुसूचीचे सर्वोच्च संरक्षण मिळाले. तत्पूर्वी २०१९ साली आंतरराष्ट्रीय व्यापारविषयक ‘साइट्स’ करारानेही त्याला पहिल्या परिशिष्टात घेतले होते. कारण चोरट्या व्यापाराचा हा मोठा बळी आहे. भारतीय कासवे घरात पाळणे हा गुन्हा असून त्यासाठी कारावासाची शिक्षा आहे. या अधिनियमात ‘प्राणी’ या शब्दात त्याची पिले व अंडीही समाविष्ट आहेत. म्हणून घरात घातली गेलेली अंडीदेखील खासगी मालमत्ता ठरत नाहीत. असा प्राणी हाती आल्यास ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यास किंवा अधिकृत अधिकाऱ्यास कळवावे लागते. महाराष्ट्र वनविभागाचा १९२६ हा निःशुल्क दूरध्वनी क्रमांक त्यासाठी आहे.

येथेच या विषयातील सर्वांत अवघड जागा आहे. अनेक घरांत वर्षानुवर्षे कासव आहे. कायदा कडक झाल्याचे घरच्यांना उशिरा कळते आणि मग भय वाटू लागते. कासवी आजारी पडते, पण वैद्यकांकडे नेले तर चौकशी होईल या धास्तीने तिला घरातच ठेवले जाते. ती आवाज करीत नाही. शेजाऱ्यालाही पत्ता लागत नाही. पोटात अंडी घेऊन ती आठवडेच्या आठवडे झिजत राहते. स्वतःच्या संरक्षणासाठी एका पंचेंद्रिय जीवाची अशी आहुती देणे कोणत्याही धर्मात बसत नाही. जाणत्या वकिलाचा सल्ला घ्यावा, समाजातील ज्येष्ठांना बरोबर घ्यावे, परंतु प्राणी वनविभागाच्या हाती वेळेवर सोपवावा. उशीर झाला, तर त्याची किंमत ती कासवी मोजते.

दुसरी पळवाट म्हणजे गुपचूप सोडून देणे. पुण्य म्हणून गोदावरीत, तलावात किंवा विहिरीत कासव सोडण्याची प्रथा आहे. स्टार कासव जमिनीवरचे आहे. त्याला पोहता येत नाही. त्याला नदीत सोडणे म्हणजे बुडवणे होय. लाल कानाचे कासव मात्र पाण्यात फोफावते आणि स्थानिक कासवांचे अन्न व जागा बळकावते. जगातील शंभर अतिउपद्रवी परकीय प्रजातींच्या यादीत त्याची गणना आहे. एका जीवाला दिलेले हे अभयदान अनेक जीवांच्या मुळावर येते. तसेच विक्रेत्याकडून पैसे देऊन कासव ‘सोडवून’ आणल्यास त्याच्या जागी दुसरे पकडले जाते. मागणी वाढली की पुरवठा वाढतो, हे व्यापारी समाजाला निराळे सांगावयास नको. विशिष्ट संख्येच्या नखांचे कासव धन देते, अशा भूलथापांवर चालणारी फसवणूकही याच बाजारावर पोसली जाते.

महाराष्ट्रातच याहून उजळ वाट दाखवणारे उदाहरण आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातले वेळास हे समुद्रकाठचे गाव. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे तेथील वाळूत अंडी घालतात. एका घरट्यात सुमारे शंभर. पूर्वी ही अंडी खाण्यासाठी उकरून नेली जात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ सालापासून गावकऱ्यांच्या साहाय्याने ती वाचवण्याचे काम हाती घेतले. घरट्यातील अंडी अलगद काढून किनाऱ्यावरच्याच कुंपण घातलेल्या वाळूत, मूळ घरट्यासारखाच खड्डा करून ठेवतात. सुमारे पन्नास दिवसांनी पिले बाहेर आली की त्यांना समुद्राच्या दिशेने सोडतात. तेथे कोणी कासवाला पाळत नाही. मादी येते, माती मागते, ओझे उतरवून निघून जाते. माणूस फक्त त्या मातीची राखण करतो. पिलांना दृष्टीने पोसणारी कासवी ही संतांची रम्य कल्पना असेल. प्रत्यक्षात ती पुन्हा वळूनही पाहत नाही. तिचे सारे मातृत्व योग्य माती निवडण्यात साठलेले असते. तिला तेवढेही न देणे किती मोठे हिरावून घेणे आहे, हे वेळासचा किनारा पाहिल्यावर समजते.

घरातील कासवीने अंडी घातलीच, तर ती उलटी-सुलटी करू नयेत. कोंबडीच्या अंड्याप्रमाणे फिरवल्यास आतील सूक्ष्म जीव दगावतो. ज्या बाजूने ती पडली असतील तीच बाजू वर ठेवून, मातीसह वनविभागाच्या स्वाधीन करावीत. कासवीला पाणी व विश्रांती द्यावी आणि आणखी अंडी आत उरली नाहीत ना, याची वैद्यकांकडून खात्री करून घ्यावी.

सुवर्णमहोत्सवी वर्षात न्यासाने मोठ्या इमारतीचा संकल्प जरूर करावा. त्याबरोबर तीन छोटी कामे करता येतील. मंदिराच्या सूचनाफलकावर १९२६ हा क्रमांक आणि कासव विकत न घेण्याची विनंती कायमस्वरूपी लिहावी. पाठशाळेतील मुलांना मुनिसुव्रतनाथांचे लांछन शिकवताना त्या जीवाची शरीररचना आणि गरजाही शिकवाव्यात. आणि वर्षातून एकदा, शक्यतो चातुर्मासात, पशुवैद्यक व वनाधिकारी यांना पाचारण करून, ज्यांच्या घरी कासव आहे अशा कुटुंबांना निर्भयपणे मार्गदर्शन मिळेल असे शिबिर घ्यावे. यांतील एकाही कामाला मोठ्या निधीची आवश्यकता नाही. समाजाचा विश्वास मात्र लागतो, आणि तो पन्नास वर्षांत न्यासाने मिळवलेला आहे.

बोलू न शकणाऱ्या जीवाची गरज त्याने मागण्यापूर्वी जाणणे, हाच जीवदयेचा खरा अर्थ आहे. ज्यांच्या घरी आज कासवी आहे, त्यांनी हे स्मरून आधी तिच्यापुढे ओलसर मातीचे घमेले ठेवावे, आणि मग तिला तिच्या हक्काच्या भूमीकडे परत पाठवण्याची व्यवस्था करावी.

जय जिनेंद्र.